जकात नीट गोळा झाली की सरकारी योजनांची गरज संपते?

रमजान जवळ आला की एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. जकात (नाक्यावरची नव्हे, तर इस्लाममध्ये शिलकीतून दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान) ही जगातली पहिली कल्याण योजना, आजच्या सरकारांनी तिचीच नक्कल केली. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या काळात जकात घ्यायला गरीब सापडेना. सगळ्या मुसलमानांनी अडीच टक्के काढले तर गरिबी उरणार नाही. सरकार कर जबरदस्तीने घेतं, जकात माणूस मनापासून देतो. सरकारी पैसा दलाल खातात, जकातीची पै न् पै गरिबाला मिळते, आणि तीही धर्म न विचारता. सरकारी योजनांनी माणूस आळशी होतो. शेवटी निष्कर्ष: जकात एकत्र गोळा करा, सरकारपुढे हात पसरायची वेळ येणार नाही.

मी स्वतः जकात काढतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्यांच्या हिशेबाबद्दल आहे.

नकलेचा मुद्दा आधी. सातव्या शतकात दर ठरवून दिलेला आणि पैसा कुणाला द्यायचा ते कुराणाच्या नवव्या सुऱ्यात (अध्यायात) आठ गटांत स्पष्ट सांगितलेलं, हे खरोखर मोठं काम आहे. पण इंग्लंडने १६०१ साली प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, आपापल्या गरिबांची जबाबदारी टाकून त्यासाठी पट्टी बसवली, ती तिथल्या भटक्या बेकारांच्या धास्तीने. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने १८८३ ला आजारपणाचा, १८८४ ला अपघाताचा आणि १८८९ ला म्हातारपणाचा विमा आणला, तो जर्मन कामगार समाजवाद्यांच्या मागे जाऊ नयेत म्हणून. ब्रिटनच्या कल्याण योजनांचा पाया घालणारा बेव्हरिज अहवाल १९४२ चा, ऐन महायुद्धातला. या तिघांच्या मुळाशी पैगंबरांचं शहर मदिना शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

आजच्या योजनांशी खरं साम्य शोधायचं तर ते पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या 'दीवान'मध्ये सापडतं. सन ६४० च्या सुमारास त्यांनी लोकांची नोंदवही करून वार्षिक तनखे सुरू केले. लहान मुलांनाही तनखा होता, पण मूल अंगावरचं दूध सुटल्यावर. एका रात्री गस्त घालताना त्यांना एक तान्हं मूल सतत रडताना ऐकू आलं. चौकशी केली तर आई म्हणाली, उमर दूध सुटल्याशिवाय तनखा देत नाही, म्हणून लवकर तोडतेय. दुसऱ्या दिवशी उमर यांनी तनखा जन्मापासून लागू केला, असं परंपरा सांगते. योजनेची एक अट घरातल्या तान्ह्या बाळाचं काय करते, हे याहून नेमकं सांगणारी गोष्ट मला माहीत नाही. मंत्रालयात योजनांचे जीआर लिहिणाऱ्यांनी ती वाचावी.

मात्र त्या तनख्यांचा पैसा जकातीचा नव्हता. इराक, शाम (सीरिया), इजिप्त जिंकल्यावर तिथून येणारा शेतसारा म्हणजे खराज, आणि बिगरमुसलमानांवरचा कर म्हणजे जिझिया, यांतून तो यायचा. वाटपही गरज पाहून नव्हतं. पैगंबरांच्या बाजूने बद्रच्या लढाईत लढलेल्यांना वर्षाला ५००० दिरहम, मागाहून आलेल्यांना काहीशे. म्हणजे मेसेजवाले ज्या सुवर्णकाळाकडे बोट दाखवतात, त्या काळातही जकातीच्या शेजारी राज्याची वेगळी तिजोरी होती आणि मोठा खर्च तिच्यातूनच व्हायचा.

उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या कथेचंही तसंच. ते ७१७ ते ७२० असे तीन वर्षांहूनही कमी काळ खलिफा होते. उत्तर आफ्रिकेत जकात गोळा करायला गेलेला त्यांचा अधिकारी सांगतो, की घेणारा गरीब मिळाला नाही, म्हणून त्या पैशातून मी गुलाम विकत घेऊन मुक्त केले. ही नोंद उमर यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. ते चरित्र एका नेक राजाचं, ते प्रेमाने लिहिलेलं असणारच. पण कथा अक्षरशः खरी मानली तरी तिचं दुसरं वाक्य मेसेजमध्ये गाळलेलं असतं. ज्या प्रांतात गरीब नव्हता, तिथे विकत घेण्याजोगी माणसं मात्र होती. ती 'गरीब' म्हणून मोजलीच गेली नव्हती. गरिबी संपल्याचा दावा आजचं सरकार करो की आठव्या शतकातलं, मोजदादीतून कोण वगळलं गेलं हे आधी विचारावं.

आता अडीच टक्के. मेसेजमध्ये हा आकडा असा येतो की जणू सगळ्यांच्या सगळ्या मालमत्तेवर तो लागतो. प्रत्यक्षात जकात लागते ती रोख रक्कम, सोनं, चांदी आणि विक्रीचा माल यांवर, तेही निसाबच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर असेल आणि चांद्रवर्ष पुरं झालं असेल तर. राहतं घर सुटतं, गाडी सुटते, कारखान्यातली यंत्रं सुटतात. शेतजमीन सुटते, पिकावर मात्र उश्र लागतो: पावसाच्या पाण्यावर दहावा भाग, स्वतः पाणी दिलं असेल तर विसावा. भाड्याने दिलेले फ्लॅट बहुसंख्य फकीहांच्या (इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या) मते सुटतात, भाड्यातून जे शिल्लक उरेल त्यावरच जकात. म्हणजे मुंबईत दहा फ्लॅट असलेला आणि भाडं खर्चून टाकणारा मालक शून्य देऊ शकतो, आणि आठ तोळे दागिने असलेली हनफी (सुन्नींमधल्या एका न्यायपंथाची) विधवा जकात देणारी ठरते. तीच बाई कोकणातली असेल तर गोष्ट वेगळी, कारण कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या न्यायपंथाचे आहेत आणि त्या मतात अंगावर वापरायच्या दागिन्यांना जकात नाही.

निसाबचंही पाहा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. पैगंबरांच्या काळी या दोन्हींची किंमत सारखी होती, वीस दिनार म्हणजे दोनशे दिरहम. आज हिशेबापुरता चांदीचा भाव किलोला दोन लाख आणि सोन्याचा दहा ग्रॅमला सव्वा लाख धरला, तर एक मर्यादा सव्वा लाखाच्या आसपास येते आणि दुसरी अकरा लाखांजवळ. आपल्याकडचे बहुतेक मौलाना चांदीचा निसाब धरायला सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा. पण याचा अर्थ असाही होतो, की बँकेत दीड लाख साठवलेला रिक्षावाला देणारा ठरतो.

आणि गोळा होईल किती? एकाच माणसाचा हिशेब करू. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८,०००. या पैशात कुणाचं भागत नाही हे सोडून द्या. तेवढेच १८,००० अडीच टक्क्यांतून उभे करायचे तर कुणाकडे तरी जकात लागू होणारी ७ लाख २० हजारांची शिल्लक हवी, आणि ती दरवर्षी हवी. एका निराधारामागे असा एक बचतदार. आपली गल्ली, आपला मोहल्ला डोळ्यांपुढे आणा आणि दोन्ही बाजूंची माणसं मोजा. शिवाय दवाखाने, शाळा, पाणी यांचा खर्च यात धरलेलाच नाही. धरताही येत नाही, कारण हनफी मताप्रमाणे जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा करून द्यावा लागतो. त्याला तमलीक म्हणतात. त्यातून इमारत बांधता येत नाही की डॉक्टरचा पगार देता येत नाही.

वाटपाचा आणखी एक पेच आहे. आपले सहकारी मुआझ यांना येमेनला पाठवताना पैगंबरांनी सांगितलं होतं, की त्यांच्या श्रीमंतांकडून घ्या आणि त्यांच्याच गरिबांना द्या. म्हणून जकात शक्यतो जिथली तिथे वाटण्याची रीत पडली. पण जिथे सगळेच गरीब, तिथे काय वाटणार? मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली रोजगार हमीच्या खर्चासाठी बसवला. ती योजना १९७२ च्या दुष्काळातली. म्हणजे फोर्टमधल्या कारकुनाच्या पैशातून बीडमध्ये नालाबंडिंगवर खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळाली, आणि दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. नेमक्या कामासाठी राखून ठेवलेला पैसा म्हणून हा कर जकातीच्या बराच जवळ जातो. फरक असा, की त्या बाईला कायद्याने काम मागता येत होतं. कुराणातही श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'ठरलेला हक्क' असल्याचं म्हटलंय, आणि देणाऱ्याला अल्लाहपुढे त्याचा जाब द्यायचा आहे. पण आज भारतात जकात मिळाली नाही म्हणून एखाद्या विधवेने तक्रार करायची तर कुठल्या टेबलावर? पेन्शन अडली तर निदान तहसील कचेरी आहे, माहितीचा अधिकार आहे, आमदाराचं दार आहे.

जबरदस्तीच्या मुद्द्यावर तर मेसेज स्वतःच्याच इतिहासाशी भांडतो. ६३२ साली पैगंबरांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी जकात द्यायला नकार दिला, तेव्हा पहिले खलिफा अबू बकर त्यांच्याशी लढले. आज सौदी अरेबियात कंपन्यांची जकात घेणारं आणि आयकर घेणारं प्राधिकरण एकच आहे. मनापासून वगैरे ही भारतासारख्या देशांतली स्थिती, जिथे जकातीमागे राज्यच नाही.

राज्य मागे उभं राहिलं की काय होतं, याचं उदाहरण पाकिस्तान. तिथले लष्करी राज्यकर्ते झिया-उल-हक यांनी जून १९८० मध्ये जकात आणि उश्रचा अध्यादेश काढला. दरवर्षी १ रमजानला बँकेतल्या बचत खात्यांतून अडीच टक्के थेट कापायचे आणि स्थानिक जकात समित्यांमार्फत वाटायचे. मेसेजवाल्यांना हवी तशीच रचना. पुढच्याच महिन्यात शिया समाजाने इस्लामाबादमध्ये सचिवालयाला वेढा घातला. त्यांच्या फिकहप्रमाणे (धर्मकायद्याप्रमाणे) नोटांवर जकात नाही आणि ती सरकारकडे द्यायचीही नाही. सरकारला नमतं घ्यावं लागलं, शियांना प्रतिज्ञापत्र देऊन सूट मिळाली. मग सुन्नीही प्रतिज्ञापत्रं द्यायला लागले, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही तो मार्ग मोकळा केला. बाकीच्यांनी सोपा उपाय काढला: रमजानच्या आधी खात्यातले पैसे काढायचे, ईदनंतर परत भरायचे. हे लोक कंजूष नव्हते. त्यातले कित्येक जण तीच रक्कम आपल्या हाताने नातेवाइकाला, मोलकरणीला, मदरशाला देत होते. सरकारी समितीवर त्यांचा विश्वास नव्हता, एवढंच. सक्तीची ही वसुली देशाच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतही कधी पोचली नाही. शेवटी २००८ साली त्याच पाकिस्तानने बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्रॅम सुरू केला: गरीब कुटुंबातल्या बाईच्या नावाने महिन्याला हजार रुपये, पैसा सरकारी अर्थसंकल्पातून. जकातीची संपूर्ण यंत्रणा अठ्ठावीस वर्षं हाताशी असलेल्या मुस्लिम देशाला सरकारी योजना लागली, हे मेसेजच्या निष्कर्षाला पुरेसं उत्तर आहे.

पै न् पै गरिबाला मिळते, हेही खरं नाही आणि तसा नियमही नाही. आठ गटांत जकात गोळा करणाऱ्यांचा हिस्सा कुराणानेच ठेवलाय, कारण वसुलीला खर्च येतो हे चौदाशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. आपल्याकडे रमजानात उत्तर प्रदेश-बिहारमधल्या मदरशांचे सफीर (चंदा गोळा करणारे प्रतिनिधी) पावतीपुस्तकं घेऊन मुंबईत उतरतात. बरेचसे प्रामाणिक असतात. पण कमिशनवर चंदा गोळा करणं नाजायज असल्याचे फतवे काढावे लागले, ते काही उगाच नाही. सरकारी गळतीचं समर्थन कुणीच करणार नाही. रुपयातले पंधरा पैसेच खाली पोचतात, हे १९८५ मध्ये खुद्द पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. पण त्या पंधरा पैशांचं लेखापरीक्षण होतं, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी मदरशाचा ताळेबंद मागून पाहिलाय?

धर्म न विचारता जकात देतात, हा दावा मी लवकर उरकतो. बहुसंख्य फकीहांच्या मते जकात मुसलमानालाच देता येते, सय्यदांना (पैगंबरांच्या वंशजांना) देता येत नाही, स्वतःच्या आईबापांना किंवा मुलांना देता येत नाही. हजरत उमर यांनी भीक मागणाऱ्या एका म्हाताऱ्या यहुद्याला बैतुलमालमधून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून, तनखा बांधून दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे आणि काही विद्वान तिच्या आधारे जास्त मोकळं मत मांडतात. ऐच्छिक सदका, म्हणजे साधं दान, तर कुणालाही देता येतो. तरीही रेशन दुकानातलं माणशी पाच किलो धान्य देताना ज्या प्रश्नाची गरजच पडत नाही, तो जकात देताना पडतो.

आळशीपणाबद्दल एवढंच, की ज्यांना हा आरोप करायचा असतो ते तो दोन्हीकडे करतात. मशिदीबाहेरची रांग बघून करतात आणि लाडक्या बहिणींवरही करतात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते, आणि ती त्यात जेमतेम एका ओळीत येते: जकात वेळेवर पोचते. उत्पन्नाचा दाखला नको, आधार लिंक नको, अंगठा उमटत नाही म्हणून परत जाणं नको. आठ गटांत कर्जात बुडालेल्यांचा एक गट आहे, गारिमीन. आपल्या सरकारी योजनांत याला तोड नाही. शेतकऱ्याची कर्जमाफी होते, पण बायकोच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून पैसे उचललेल्या टेम्पोवाल्याला कुठल्याच यादीत जागा नसते. पन्नास घरांनी आपली जकात पाच-पाच हजारांची पाकिटं करून वाटण्याऐवजी वर्षाला अशा दोन-तीन माणसांना कर्जातून पूर्ण सोडवलं, तर ते कुठल्याही खात्यापेक्षा चांगलं काम होईल. मेसेज लिहिणाऱ्याने यावर चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या.

उरला कराचा प्रश्न, कारण 'जकात दिली, मग आयकर कशाला' हेही शेवटी असतंच. मलेशियात व्यक्तीने भरलेली जकात थेट देय करातून वजा होते. इंडोनेशियात ती फक्त करपात्र उत्पन्नातून वजा होते. भारतात नोंदणीकृत ट्रस्टला दिली आणि जुनी करपद्धत निवडली तर देणगीवरची आयकर सूट मिळू शकते, शेजारणीच्या हातात ठेवलेल्या पाकिटाला काही नाही. आणि एवढी सवलत देणाऱ्या मलेशियातही सरकारी शाळा आणि दवाखाने आयकर आणि पेट्रोनास या सरकारी तेल कंपनीच्या तेलाच्या पैशावर चालतात. जकातीवर ते चालवून दाखवू, असं जकात गोळा करणाऱ्या तिथल्या धर्म परिषदाही म्हणत नाहीत.