नळाचा खड्डा आणि कोकणचे पाव्हणे

आमच्या दारात एक खड्डा आहे. साडेतीन फूट खोल, दोन बाय दोनचा, आतून शहाबादी बसवलेला आणि वरून पत्र्याचं झाकण. नवा माणूस आला की विचारतो, ड्रेनेजचं चेंबर का हो? चेंबर नाही बाबा, नळ आहे तो. नळ कमरेएवढ्या उंचीवर असतो आणि तोटी फिरवली की पाणी येतं, हे आमच्या गल्लीतल्या लेकरांनी फक्त टीव्हीत बघितलंय.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर जिल्ह्यातलं आहे एवढं बस झालं, कारण हे नगरपरिषदेत कुणी वाचलं तर आहे तो नळ पण जायचा.

खड्ड्याची भानगड अशी की पाइपात दाब नसला की ज्याचा नळ खाली त्याला पाणी आधी. पूर्वी आमचा नळ जोत्याला लागून होता. मग शेजारच्या सरांनी धार बारीक येते म्हणून नळ एक फूट खाली घेतला आणि आमचं पाणी बंद. बाबांनी दीड फूट खांदलं. सरांनी दोन. समोरच्या किराणावाल्यानं तर मजूर लावून एका दिवसात तीन फूट मारले, आणि त्या आठवड्यात गल्लीत कुणी त्याच्याकडून साखर घेतली नाही. आणखी एक पिढी असंच चाललं तर नळ खांदता खांदता विहिरीचंच पाणी लागेल आणि प्रश्न मिटेल, असं आपलं मला वाटतं.

पाणी येतं नवव्या दिवशी. कधी बाराव्या. मागं पाणीपट्टी भरायला गेल्तो तेव्हा खिडकीतल्या क्लार्कला हिशोब करून दाखवला, की साहेब वर्षात चाळीस दिवस पाणी आणि पट्टी ३६५ दिवसांची, हे कसं काय. त्यानं पावतीवरून मान पण वर केली नाही. म्हणला, "पट्टी नळाची असते, पाण्याची नसते." मी गप पैसे दिले, काय बोलणार, मुद्दा बरोबर होता.

मधी काही वर्षं नुसते प्रशासक होते, तेव्हा शिव्या द्यायच्या तरी कुणाच्या दारात जाऊन हेच कळायचं नाही. मग डिसेंबर २०२५ ला निवडणूक लागली. प्रचाराच्या रिक्षा चोवीस तास पाणी, चोवीस तास पाणी म्हणून ओरडत फिरायल्या आणि खरं सांगतो, त्या पंधरवड्यात पाणी पाचव्या दिवशी आलं. २ तारखेला मतदान झालं, तिथून पुन्हा नववा दिवस. मोजणी दुसऱ्याच दिवशी होती ती कोर्टानं २१ तारखेला ढकलली, तर मशिनी कुलपात होत्या तेवढ्यात आमच्याकडं पाणी दोनदा येऊन गेलं. म्हणजे निकालापेक्षा नळ फास्ट निघाला.

आता साडूभाऊंचं सांगतो. ते कोकणातले, समुद्रकाठच्या एका छोट्या शहरात राहतात, अंगानं भरलेले, स्वभावानं लय चांगले. मे महिन्यात चार दिवस आल्ते. जेवताना म्हणले, यंदा आमच्याकडे फार हाल, नगरपरिषद दिवसाआड पाणी सोडते, लोक मोर्चा काढणार आहेत. दिवसाआड! बायकोला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं, ते पण जारचं. म्हणलं साडूभाऊ, तुमच्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जातो कुठं? तर म्हणले जांभा दगड, पाणी धरत नाही, सगळं समुद्रात जातं. वर आम्हालाच विचारतात, तुमच्याकडे काय सोय? म्हणलं आमच्याकडं सागर एकच, पैठणचा नाथसागर, तो पण धरणाचा. आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्याच गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुमच्या कोकण रेल्वेनं काय येतं, चाकरमानी!

त्याच रात्री पावणेतीनला ग्रुपवर मेसेज पडला, "सुटलं". एवढा एकच शब्द असतो, पण त्याला सगळी गल्ली उठून बसते. पाणी सुटलं की लाइट घालवतात, म्हणजे कुणी टिल्लू मोटार लावून ओढू नये. त्यामुळं सगळा कारभार मोबाइलच्या उजेडात. धडाधड पत्र्याची झाकणं उघडली आणि ज्याच्या त्याच्या खड्ड्यातनं एकेक मुंडकं वर आलं. साडूभाऊ चोर आले म्हणून काठी घेऊनच बाहेर.

आता त्यात माझी कंबर धरलेली. खड्ड्यात उतरायचं, वाकून घागर भरायची, डोक्याएवढी उचलून वर बायकोच्या हातात द्यायची, हे मला जमेना. साडूभाऊ म्हणले सरका, मी उतरतो. पाव्हण्याला खड्ड्यात घालायचं म्हणजे जिवावर आलं, पण नवव्या दिवशीचं पाणी हो, मी लगेच सरकलो.

उतरले ते बरोबर उतरले. बसले पण बरोबर, बाटलीत बूच बसावं तसे. वाकता येईना, वर येता येईना. नळ त्यांच्या गुडघ्यामागं, धार चालू, पाणी पोटऱ्यांपर्यंत चढायलं आणि घागर आत घालायला चार बोटं जागा नाही. मी एक हात धरला, सरांनी त्यांची धार सोडून दुसरा धरला, हा त्याग सोपा नाही.

तेवढ्यात वॉलमनमामा मोटारसायकलवर, मांडीला ती लांब लोखंडी चावी टेकवून, पाणी बंद करायला निघालेले. आमच्या गल्लीत कलेक्टर आला तर कुणी उठणार नाही, पण मामा आले की सगळे उभे. त्यांनी बॅटरी मारली.

"कोण हाय खड्ड्यात?"

"पाव्हणे आहेत मामा, कोकणातले."

"पाणी भरलं का तुमचं?"

"घागर जाईना मामा."

मामांनी जरा विचार केला. "निघू द्या पाव्हण्याला. अर्धा तास ठिवतो."

अर्धा तास! मामांनी एवढं पाणी कधी मंत्र्याच्या लग्नालाही सोडलं नसेल. पाव्हणे दहा मिनिटांत निघाले, साबण लावून, पण हे मामांना कुणी कळवलं नाही. सगळ्यांचे हौद भरले, ड्रम भरले, किराणावाल्यानं तर अंगण धुतलं.

सकाळी साडूभाऊ गुडघ्याला हळद लावून बसले होते, रविवारच्या गाडीचं तिकीट चेक करत. तर गल्लीतलं एकेक माणूस येऊन विचारायलं, पाव्हणे किती दिवस आहेत? पुढचं पाणी सोमवारी, राहिले असते तर बरं झालं असतं. दुपारी सरांच्या घरून डबा आला, वीसेक धपाटे आणि वर लोण्याचा गोळा. सोबत निरोप होता, पाव्हण्यांना नीट खाऊ घाला, वजन कमी होऊ देऊ नका.