रक्ताचा रकाना

‘फ्रीडमनांच्या अंगात आदिवासी रक्त असेल तर कागद दाखवा.’ फ्रीडमन म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांत (म्हणजे जमातींत) गुलाम असलेले आणि पुढे मुक्त झालेले काळे लोक व त्यांचे वंशज. ओक्लाहोमा राज्यात त्यांना या राष्ट्रांचं नागरिकत्व द्यावं का, या वादात हा मुद्दा हमखास येतो. पण रक्ताची नोंद त्यांच्या कागदावर मुळात घेतलीच नव्हती, मग ती दाखवायची कुठून?

चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, मस्कोगी आणि सेमिनोल या पाचही राष्ट्रांत काळे गुलाम होते. १८३०च्या दशकात या लोकांना पश्चिमेला हुसकावलं, तेव्हा गुलामही त्याच वाटेने गेले. अमेरिकेशी झालेल्या १८६६च्या तहात चेरोकींनी मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सगळे हक्क मान्य केले.

पुढे जमीनवाटपासाठी अमेरिकी सरकारच्या डॉझ आयोगाने या राष्ट्रांतल्या लोकांच्या नोंदवह्या केल्या. त्या १९०७मध्ये बंद झाल्या. ‘रक्ताने’ नागरिक असलेल्याच्या कार्डावर आदिवासी रक्ताचा अंश, म्हणजे किती हिस्सा, लिहिला जाई. फ्रीडमनच्या कार्डावर त्याजागी जुन्या मालकाचं नाव. बाप चेरोकी आणि आई काळी असेल, तर मूल बहुतेक वेळा फ्रीडमनांच्या वहीत जाई. आज अंशाचा सरकारी दाखला याच वह्यांवरून मिळतो, म्हणून या वंशजांना तो मिळत नाही. हा अन्याय कारकुनी वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पूर्वज शोधणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. नोंदीला दोन क्रमांक असतात: कार्डाचा आणि वहीचा. वहीचा क्रमांक प्रत्येक वर्गात (‘रक्ताने’ नागरिक, फ्रीडमन वगैरे) पुन्हा १पासून सुरू होतो, त्यामुळे राष्ट्र आणि वर्ग न लिहिता नुसता क्रमांक दिला की भलत्याच माणसाची नोंद हाती येते. १९००च्या जनगणनेपासून पूर्वज पक्का करत यावं. आडनावांची स्पेलिंगं बदललेली असतात, लग्न झालेल्या बायका दुसऱ्याच नावाने सापडतात. आणि कार्डापाशी थांबू नये, अर्जाची फाईल मागवावी. तिथल्या जबानीत कधीकधी बापाचं नाव आणि त्याचं राष्ट्र दोन्ही मिळतं. कार्डाने जे गाळलं, ते तिथे असू शकतं.

जमिनीतही भेद झालाच. चॉक्टॉ-चिकसॉ फ्रीडमनांना सरासरी प्रतीच्या ४० एकरांइतकी जमीन, तर नागरिकांना ३२० एकरांइतकी. १९०८च्या कायद्याने फ्रीडमनांच्या जमिनीवरचं विक्रीबंदीचं संरक्षणही काढून घेतलं.

चेरोकींनी २००७मध्ये मतदान घेऊन सुमारे २,८०० फ्रीडमन वंशजांना बाहेर काढलं. २०१७मध्ये अमेरिकी संघीय न्यायालयाने तहाचा हक्क मान्य केला आणि २०२१मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने ‘रक्ताने’ हे शब्दच घटनेतून वगळले. जमातींचं सार्वभौमत्व मलाही मोलाचं वाटतं. पण तहाने जमीन आणि सत्ता राखायची आणि त्याच तहातलं माणसांविषयीचं कलम तेवढं टाळायचं, हे मला मान्य नाही. चॉक्टॉ आणि चिकसॉ राष्ट्रांनी अजूनही दार उघडलेलं नाही.