घड्याळ पुढे सरकवल्याने दिवस मोठा होत नाही

मार्च आणि ऑक्टोबर जवळ आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचं आणि हिवाळ्यात पुन्हा मागे आणायचं) शेतकऱ्यांसाठी सुरू झालं, कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, त्यातून भरपूर वीज वाचते, सगळे प्रगत देश एकाच दिवशी घड्याळं बदलतात. म्हणून प्रत्येक देशाने ते करावं, आणि कटकट नको असेल तर वर्षभर घड्याळ एक तास पुढेच ठेवावं. यातली जवळपास सगळीच विधानं चुकीची आहेत, आणि वेळेचा हिशेब ठेवत काम करणाऱ्यांना त्यांचा त्रास होतो, म्हणून एकेक घेतो.

फ्रँकलिनचं नाव आधी बाजूला ठेवू. १७८४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला त्याने गमतीचं पत्र लिहिलं: लोकांनी उशिरापर्यंत लोळू नये, मेणबत्त्यांवर बंधन घालावं, पहाटे तोफा उडवाव्यात. घड्याळ पुढे करण्याचा त्यात उल्लेखही नाही. तो प्रस्ताव १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी मांडला. ते कीटक गोळा करायचे, आणि कामावरून सुटल्यावर त्यासाठी उजेड हवा होता. १९०७ मध्ये लंडनचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी पत्रक काढलं. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे जायचं, असा त्यांचा बेत होता. ते १९१५ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळं पुढे केली. कारण होतं युद्धातली कोळशाची बचत.

शेतकऱ्यांचा मुद्दा तर थेट उलटा आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो. अमेरिकेत १९१८ मध्ये कायदा आला, तेव्हा शेतकरी त्याच्या विरोधात उभे राहिले. का, ते शेतावर उभं राहून पाहा. कापलेलं गवत उचलायचं तर त्यावरचं दव सुकावं लागतं, आणि दव सूर्य वर आल्यावरच सुकतं. घड्याळाने तास पुढे टाकला म्हणून गवत तासभर आधी कोरडं होत नाही. मजूर मात्र घड्याळ बघून येणार आणि घड्याळ बघून जाणार. म्हणजे सकाळचा तास वाया आणि संध्याकाळी ऐन कामाच्या वेळी माणसं निघालेली. गायीची धार तिच्या सवयीच्या वेळी निघते, पण दूध नेणारी आगगाडी नव्या वेळेने सुटते. विरोध इतका वाढला की १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा नकाराधिकार डावलून हा कायदा रद्द केला. ज्यांच्या नावावर ही गोष्ट खपवली जाते, त्यांनीच ती पाडली होती.

आता वीज. युद्धकाळात घरचा मुख्य खर्च दिव्यांचा होता, तेव्हा हिशेबात दम होता. आज खोली गार किंवा गरम ठेवायला जास्त वीज लागते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले बहुतेक जिल्हे २००६ पर्यंत घड्याळ बदलत नव्हते. बदलू लागल्यावर अभ्यासकांनी घरगुती वीजबिलं तपासली, तर वापर सुमारे १ टक्क्याने वाढलेला. दिव्यांची थोडी वीज वाचली, पण एसीने ती खाऊन वर आणखी मागितली. उलट बाजूही सांगायला हवी: अमेरिकेने २००७ पासून घड्याळ पुढे ठेवण्याचा कालावधी साधारण चार आठवडे वाढवला, त्यावर तिथल्या ऊर्जा विभागाला त्या दिवसांपुरती रोज सुमारे ०.५ टक्के बचत दिसली. वर्षाच्या एकूण वापराशी ताडलं तर ती ०.०३ टक्के भरते. याला ‘भरपूर’ म्हणता येत नाही.

‘एकाच दिवशी’ हा दावा पाडायला मार्च महिना पुरेसा आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तास होतं, आणि ठरलेल्या मीटिंगा घसरतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड बदलत नाही, शेजारचं न्यू साउथ वेल्स बदलतं. लॉर्ड हाऊ बेट तर फक्त अर्धा तास सरकतं. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य बदलत नाही, त्याच्या पोटातला नावाहो या मूळनिवासी जमातीचा प्रदेश बदलतो, आणि त्याच्याही पोटातला होपी जमातीचा प्रदेश बदलत नाही. जपानने हे १९४८ ते १९५१ करून सोडून दिलं, तेव्हा प्रगत असणं आणि घड्याळ फिरवणं यांचा संबंध लागत नाही.

‘प्रत्येक देशाने करावं’ हे नकाशा न पाहता लिहिलेलं आहे. जूनमध्ये लंडनला हिवाळी वेळेप्रमाणे, म्हणजे घड्याळ पुढे न करता, सूर्य पावणेचारच्या सुमारास उगवतो. झोपेत जाणारा तो उजेड संध्याकाळी आणण्यात अर्थ आहे. विषुववृत्तावर दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो. तिथे सरकवायला जादा उजेड आणायचा कुठून?

राहिलं वर्षभर घड्याळ पुढे ठेवणं. तेही करून झालंय. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने दोन वर्षांसाठी हा प्रयोग सुरू केला. मुलं मिट्ट काळोखात शाळेला निघू लागली, पालक संतापले, आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळं पुन्हा मागे आली. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये ती सोडून कायमची हिवाळी वेळ घेतली.