जरा सरका हो!

मला हजारो किलोमीटरवरून बाजूला सारण्यात आलं. तेही व्हिडिओ कॉलवरून.

स्थळ तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे. चाक नव्हतं, मातीची भांडी नव्हती, त्या काळात, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, माणसांनी गारगोटीच्या हत्यारांनी चुनखडीचे हे टी आकाराचे खांब घडवून वर्तुळात उभे केले. मधले दोन तर साडेपाच मीटर उंच. खाली उतरू देत नाहीत, कठड्यावरून वाकून बघायचं. त्या कठड्याशी मी मोक्याची जागा पटकावली होती.

शेजारी ग्रुपमधल्या काकू, मोबाइल उगारून. "वन्सं, दिसतंय का? कोण? हो, आपल्याच बसमधले आहेत." मग माझ्याकडे वळून, "जरा सरका हो. वन्संना नुसते तुम्हीच दिसताय."

सरकलो.

"हा खांब म्हणजे माणूस बरं का. हे हात, ही पोटावर आलेली बोटं, कंबरेला पट्टा, खाली कोल्ह्याचं कातडं." हे सगळं सकाळी नाश्त्याला मीच सांगितलेलं, शब्दन् शब्द.

"किती अभ्यास हो तुमचा, वहिनी!" फोन म्हणाला. "पण याला तोंड कुठंय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वरचा आडवा भाग म्हणजे डोकं. चेहरा कोरलेलाच नाही."

"म्हणजे काम अर्धवट टाकलं!"

"नाही, तसं नाही, ते..."

"त्यांना काय विचारताय, वहिनी? गाइडला विचारा."

गाइड सावलीत उभा राहून गालिच्याच्या दुकानात आमची डोकी कळवत होता.

वन्संचं एक वेळ सोडा. १९६३ साली पाहणीला आलेल्या तज्ज्ञांनीही इथले दगड पाहून कबरी समजून वहीत नोंद केली होती. १९९५ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी खणायला घेतलं तेव्हा कुठे उलगडा झाला. राग आहे तो सहलवाल्यांवर. जवळच्या शानलिउर्फा शहरातल्या संग्रहालयात याच वर्तुळाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, खांबांमधून चक्क हिंडता येतं. ते म्हणे 'वेळेअभावी रद्द'. गिधाड आणि विंचू कोरलेला खांब पलीकडच्या बाजूला होता, तिथवर पोचायच्या आत बसमध्ये बसा म्हणून हाकारे सुरू. पैसे मोजताना मात्र कुणाला वेळेची टंचाई नव्हती.

गालिच्याच्या दुकानात दोन तास. चहासुद्धा दोनदा.

"अहो, जरा हा कोपरा धरता का?" काकू म्हणाल्या. "वन्संना अख्खा बघायचाय."

धरला. फोनमधून आवाज आला, "त्यांना म्हणावं, थोडं वर."