मधली खुर्ची रिकामी ठेवावी

मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून. २०२० साली टाळेबंदीनंतर नाट्यगृहं उघडायची परवानगी मिळाली तीही नेमकी ५ नोव्हेंबरपासून. मुहूर्त झक्क साधला, पण परवानगी अर्धीच होती. क्षमतेच्या पन्नास टक्के प्रेक्षक, वर एकही नाही. मग २०२१च्या एप्रिलात पुन्हा कुलूप, २२ ऑक्टोबरला पुन्हा अर्धं दार, आणि २ एप्रिल २०२२च्या गुढीपाडव्याला एकदाचे सगळे निर्बंध उठले. या मधल्या काळात ठाण्याचं गडकरी रंगायतन म्हणा, घाणेकर म्हणा, नाहीतर खाडीपलीकडचं वाशीचं भावे नाट्यगृह म्हणा, नाटकाला जायचं म्हणजे आधी भूमितीचा पेपर सोडवायचा. मी भूमितीबद्दलच बोलणार आहे. नाटकांबद्दल बोलणारे ठाण्यात पुष्कळ आहेत, आणि ते प्रयोग चालू असतानाही बोलतात.

नियम ऐकायला सोपा होता : एक सोडून एक. पहिल्या रांगेत १, ३, ५, ७ विकायच्या, दुसऱ्या रांगेत २, ४, ६, ८, तिसरीत परत विषम. बुद्धिबळाच्या पटावर फक्त काळ्या घरांत माणसं बसवायची, एवढंच. सरकारी घोषणांमध्ये मात्र अंतर सांगितलं होतं सहा फूट. आता नाट्यगृहातली खुर्ची म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत वीस-बावीस इंच, आणि दोन रांगांमध्ये साधारण तीन फूट. बावीस इंच धरा. एक खुर्ची सोडून बसलेला शेजारी झाला चव्वेचाळीस इंचांवर, म्हणजे पावणेचार फूटसुद्धा नाही. तिरका पुढचा किंवा तिरका मागचा, पायथागोरसच्या कृपेने, साडेतीन फुटांवर. बरोब्बर सहा फुटांवर अख्ख्या नाट्यगृहात दोनच माणसं : तुमच्या नाकासमोर दोन रांगा पुढे बसलेला आणि पाठीमागे, दोन रांगा मागे बसलेला. तेही दोघं टेकून बसले तर. पुढे वाकून बघायची सवय असलेला मागे आला, की गेला एक फूट.

पण या रचनेत एक असं सुख होतं, की ते सरकारच्याही लक्षात आलं नसावं. तुमच्या थेट पुढची खुर्ची नियमानेच रिकामी! उंची पाच फुटांच्या आसपास असलेल्या समस्त प्रेक्षकवर्गाचा तो सुवर्णकाळ. अंबाडा नाही, गजरा नाही, टक्कल नाही, डोक्यावर चढवलेला गॉगल नाही. फक्त जिथे खुर्च्या मुळातच मागच्याला दिसावं म्हणून अर्ध्या खुर्चीने सरकवून बसवलेल्या असतात, तिथे हा हिशेब फसतो. तिथे पुढच्या रांगेतला एक माणूस तुमच्यापासून अर्ध्या खुर्चीवर असतो नि दुसरा दीड खुर्चीवर. अंतरही नीट मिळत नाही आणि अर्धा रंगमंच डोक्याआड जातो तो जातोच.

तिकीट खिडकीवरचा गोंधळ बघण्यासारखा असे. नाटकाचा प्लान लागतो तेव्हा बुकिंग क्लार्कपुढे खुर्च्यांचा छापील तक्ता असतो. गेलेल्या खुर्चीवर तो पेनाने फुली मारतो. नव्या नियमात विक्री सुरू होण्याआधीच निम्म्या तक्त्यावर फुल्या मारून ठेवाव्या लागत. यात एका रांगेत एक घर चुकलं, विषमच्या जागी समवर फुली पडली, की ती रांग पुढच्या रांगेशी जुळते. मग माणसाच्या मागे माणूस, रिकामीच्या मागे रिकामी. चूक कळते ती प्रयोगाच्या वेळी, आणि तेव्हा कोणीच उठायला तयार नसतं, कारण प्रत्येकाकडे खरं तिकीट असतं. याहून वाईट म्हणजे जिथे मधल्या वाटेच्या एका अंगाला विषम आकडे आणि दुसऱ्या अंगाला सम असतील, तिथे ‘फक्त विषम विका’ असं फर्मान शब्दशः पाळलं तर डावी बाजू खच्चून भरेल आणि उजवीकडे चिटपाखरू नसेल. नियम तंतोतंत पाळला, पन्नास टक्के भरले, कागदोपत्री कोणाला काही बोलता येणार नाही.

ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. पडद्यावर विकलेली खुर्चीही करडी आणि बंद ठेवलेली खुर्चीही करडी. प्लान उघडून पाच मिनिटं झालेली नसताना अर्धं नाट्यगृह गेलेलं दिसे, आणि माणूस घाबरून बाल्कनीची दोन तिकिटं सुविधा शुल्कासकट काढून मोकळा होई. ओळखायची खूण सोपी होती. एक आड एक करड्या खुर्च्या दिसल्या तर त्या नियमाच्या. सलग तीन करड्या दिसल्या तर मधली विकली गेली. सलग पाच दिसल्या तर कोणी तरी जोडीने आलंय, पण जोडीने बसणार नाही.

आता चौघांच्या कुटुंबाने काय करायचं? लोक सवयीने एकाच रांगेत चार तिकिटं मागत. ई १, ३, ५, ७. म्हणजे पहिल्यापासून चौथा अकरा फुटांवर. मध्यंतरापर्यंत आजीचा चष्मा हातोहात फिरत राहतो. जाणकार माणूस चौकट मागायचा : ई ५, एफ ४, एफ ६, जी ५. चौघं चार कोपऱ्यांत आणि मधोमध एफ ५ रिकामी. ती खुर्ची म्हणजे त्या कुटुंबाचं तात्पुरतं कपाट. पर्स, पाण्याची बाटली, सॅनिटायझर, शाल, सगळं तिथे. आजीला ई ५ द्यावी, तिला ऐकू कमी येतं. जी ५ वर पोरगं बसवावं, म्हणजे मोबाइलचा उजेड घरच्यांच्याच पाठीवर पडतो.

जोडप्यापुढे दोनच पर्याय होते. त्याच रांगेत एक सोडून बसलं तर अंतर चव्वेचाळीस इंच, पण एकमेकांचा चेहरा दिसतो. तिरकं बसलं तर अंतर दोनेक इंचांनी कमी, पण एकाला दुसऱ्याची मान दिसते. लग्नाला किती वर्षं झाली त्यावर निर्णय घ्यावा, असं माझं मत आहे.

या नियमाचा खरा फटका बसला तो ‘काय म्हणाला तो?’ या संस्थेला. ठाण्यातल्या प्रत्येक प्रयोगाला अशी पाच-पंचवीस जोडपी असतात, ज्यांच्यातल्या एकाचं वाक्य निसटतं आणि दुसरा ते कानात सांगतो. बावीस इंचांवरून ही सेवा कुजबुजून देता येते. चव्वेचाळीस इंचांवरून, तोंडावर मास्क असताना, आवाज चढवावाच लागतो. मग मागच्या-पुढच्या दोन रांगांना ते वाक्य दोनदा ऐकू येतं, आणि त्यानंतरचं वाक्य कोणालाच येत नाही.

प्रवेशद्वारावरचा अंक स्वतंत्र. ऑक्टोबर २०२१ नंतर दोन डोस आणि वर चौदा दिवस, किंवा आरोग्य सेतू अॅपवर ‘सुरक्षित’ असा शेरा हवा होता. प्रमाणपत्र सगळ्यांकडे असायचं, फक्त ते व्हॉट्सॅपच्या कुठल्या ग्रुपवर आहे ते शोधायचं असायचं. पाचशे माणसं एका फॉयरमध्ये एकाच वेळी पीडीएफ उघडू लागली की नेटवर्क मान टाकतं. घरूनच स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवणं हा एकमेव उपाय. मग ती तापमानाची बंदूक. ऑक्टोबरात दुपारी चारच्या प्रयोगाला ठाणे स्टेशनातून तलावपाळीपर्यंत चालत आलेल्या माणसाचं कपाळ चांगलं तापलेलं असतं, आणि एसीच्या दारात दहा मिनिटं उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटावर तीच बंदूक ९३ फॅरनहाइट दाखवते. हा आकडा खरा धरला तर त्या गृहस्थांना रुग्णालयात हलवायला हवं. पण डोअरकीपर अदबीने म्हणतो, ‘या, या काका, नॉर्मल आहे.’

आत गेल्यावर स्टिकर. ‘कृपया येथे बसू नये.’ नाट्यगृहाच्या खुर्चीची गादी स्प्रिंगवर असते, माणूस उठला की ती आपोआप वर जाते. ज्याने स्टिकर लावले त्याने गादी खाली दाबून, बसायच्या जागेवर, अगदी मधोमध लावले. हात काढल्याबरोबर गादी वर गेली आणि स्टिकर पाठीच्या बाजूला मिटून गेला. आता रांगेत चालत येणाऱ्याला सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात. तिसरी घंटा झालेली, दिवे मंदावलेले. काका गादी खाली ओढतात आणि त्याच हालचालीत बसतात. दहा मिनिटांनी कोणी तरी टॉर्च मारून उठवतं, तेव्हा स्टिकर उन्हाळ्याच्या घामाने सुटून, उलटून, डिंकाच्या बाजूने पँटला चिकटलेला असतो. काका आपल्या खऱ्या खुर्चीकडे निघतात आणि मागच्या सगळ्या रांगांना त्यांच्या पँटवर ठळक अक्षरांत वाचायला मिळतं : कृपया येथे बसू नये. पाठीच्या बाजूने आडवी फीत बांधणं हाच शहाणपणा. ती गादी वर असो की खाली, दिसते, आणि कोणाबरोबर घरी जात नाही.

गारव्याचंही गणित बदललं. केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सिनेमागृहांसाठी नियमावली काढली, तिच्यात एसीचं तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवायला सांगितलं होतं. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना आर्द्रतेची कमाल मर्यादा सांगणं ही थट्टाच. आधीच अर्धं घर, त्यात मास्क, त्यात चष्मा. विनोदी नाटकात दर हशाला काचांवर वाफ धरे आणि पुढचा अभिनय धुक्यात होई. नाकावरची तार नीट चिमटून, आतून टिश्यूची घडी ठेवली तर वाफ वर चढत नाही. मात्र हसूही बाहेर पडत नाही. विनोदी नटांना टाळी ऐकू यायची, हशा यायचा तो उशीत तोंड खुपसून हसल्यासारखा.

रंगमंचावर मास्क नव्हता, अंतरही नव्हतं. वर दोन नट प्रेमाने गळ्यात गळा घालून संसाराची गाणी गात आहेत आणि खाली चाळीस वर्षं संसार केलेली माणसं मध्ये फीत बांधलेली खुर्ची ठेवून ते बघत आहेत, हे दृश्य मला कुठल्याही प्रहसनापेक्षा सरस वाटतं.

निर्मात्याला मात्र हसू येत नसणार. हजार खुर्च्या आणि सरासरी ३०० रुपये तिकीट धरलं तर पूर्ण घर तीन लाखांचं. नव्या नियमात दारात ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागूनही दीड लाख. टेम्पो अर्ध्या नेपथ्याला अर्धं भाडं घेत नाही, आणि नटाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, अर्ध्या टाळ्यांवर अर्धी होत नाही. दर दुप्पट करावा तर ५०० रुपयांच्या वर नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागतो, शिवाय प्रेक्षक लागत नाही ते वेगळंच. त्यात २०२०च्या डिसेंबरात महापालिका हद्दींत रात्री अकरापासून संचारबंदी आली. साडेआठला सुरू होणारं अडीच तासांचं नाटक अकराला संपणार. प्रेक्षकाने घरी काय शेवटच्या अंकातून परस्पर जायचं?

आणि मध्यंतर! खुर्च्यांवर एवढं मोजूनमापून बसवलेले पाचशे जीव पंधरा मिनिटांसाठी एकदम सुटत, आणि बटाटेवड्याच्या दिशेने जात. आत नेऊन खायला बंदी, म्हणजे बाहेरच उभ्याने उरकायचं, म्हणजे मास्क हनुवटीवर, म्हणजे दीड तास सांभाळलेलं सगळं अंतर एका वड्यात खल्लास. स्त्रियांच्या प्रसाधनगृहाबाहेर सहा-सहा फुटांवर वर्तुळं आखायची कल्पना ज्याला सुचली, त्याने तिथली रांग कधी पाहिलेली नसावी. तीस जणी म्हणजे जवळपास १८० फूट. गडकरीत ती रांग आखायची तर शेवटच्या काही वर्तुळांसाठी मासुंदा तलावात बोटी लागतील. प्रयोग संपल्यावर ‘रांगेनुसार बाहेर पडावे’ अशी विनंती व्हायची. ती संपायच्या आत पार्किंगमधून गाडी काढायची घाई असलेली मंडळी जिन्यात पोचलेली असत.

पाडव्याला फिती सुटल्या आणि पुन्हा शेजारी शेजार आला. अंबाडेही आले. मला राहून राहून आठवतात त्या खुर्चीच्या हातांबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. पंचवीस खुर्च्यांच्या रांगेला सव्वीस हात असतात. एक सोडून एक बसवलं की तेरा माणसं, म्हणजे माणशी दोन हात, बाकी शून्य. इतकी चोख वाटणी भावकीतही होत नाही. आता त्याच सव्वीस हातांवर पन्नास कोपरं. ज्याचं आधी टेकलं त्याचा हात, म्हणून दुसऱ्या घंटेला जागेवर असावं. मध्यंतरात वड्यासाठी उठलात, तर परत आल्यावर तो हात शेजाऱ्याच्या नावावर चढलेला असेल.