‘एक ठाणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘हॉस्पिसला आपल्या भागातल्या लोकांनी हातभार लावावा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. (हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणारी जागा.) रात्रीच उत्तर देणार होते, पण भलतंच काही लिहिलं गेलं असतं. म्हणून सकाळी बसले आहे.

तुम्ही लिहिता, ‘ज्यांना आईबाप जड झालेत त्यांच्यासाठी ही सोय. आमच्यात माणसं घरी सांभाळतात.’ हे ‘आमच्यात’ म्हणजे कोण? मीही ठाण्यातल्या नौपाड्यातलीच. लेख लांबला, कबूल. पण तो अर्धवट वाचून दुसऱ्याच्या घरातली माया मोजायला बसायचं, ही कुठली रीत?

माझ्या सासऱ्यांना जबड्याचा कॅन्सर होता. घरीच होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ‘आता घरी न्या’ म्हणून रुग्णालयाने फाइल हातात ठेवली. जखमेला वास यायला लागला तर काय करायचं, नळीतून कसं भरवायचं, रात्री कळा सुरू झाल्या तर फोन कुणाला करायचा, यातलं अक्षरही त्यात नव्हतं. कळा शमवणारी, अफूपासून बनणारी मॉर्फिनची गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही हे आम्हाला गोखले रोड पालथा घातल्यावर कळलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ती ठेवायलाच कुणी धजत नसे. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यता असलेल्या संस्थांना ती देणं सोपं झालं. पण तशी संस्था जवळपास हवी ना! सांभाळायला घरात आम्ही सगळे होतो. त्यांचं कण्हणं काही थांबत नव्हतं. आणि तुम्ही मला जबाबदारी शिकवणार?

‘हे सरकारचं काम’ म्हणता. केरळात मलप्पुरम, कोझिकोडकडे शेजारपाजारचेच लोक अशा रुग्णांची शुश्रूषा शिकून तयार झाले, नर्सबरोबर घरोघरी जाऊ लागले, पैसेही त्यांनीच गोळा केले. केरळ सरकारचं या सेवेबद्दलचं धोरण आलं २००८ मध्ये, त्यानंतर. तिथला रुग्ण घरीच असतो बरं का, तुमच्या ‘आमच्यात’सारखा. ज्यांचं घरी निभतच नाही त्यांच्यासाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये सुरू झालं. तिथे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना पैसे न घेता ठेवतात. असल्या जागा देणाऱ्यांच्या जिवावर चालतात. तिथे आईबापांना टाकून येतात असं म्हणायचं असेल, तर एकदा जाऊन बघा आणि मग लिहा.

माझ्या लेखाला तुम्ही ‘भावनिक ब्लॅकमेल’ म्हणता, त्यावर मी काही बोलत नाही.

राहता राहिलं ‘हॉस्पिस आलं तर घोडबंदरच्या फ्लॅटचे भाव पडतील’ हे तुमचं म्हणणं. तुमच्या इमारतीत हॉस्पिस काढा असं मी म्हटलेलंच नाही. आसपासच्या सोसायट्यांनी मिळून एक शिकलेली नर्स, एक वर-खाली होणारी खाट आणि एक एअर बेड ठेवावा, एका घरचं काम संपलं की ते पुढच्या घरी जावं, एवढंच होतं. वर्गणी सक्तीची, असं लेखात कुठल्या ओळीत आहे ते तेवढं दाखवा.