कात्रजची मेट्रो आणि फलकांचा पूर

मंजुरी मिळाली, फलक. भूमिपूजन झालं, फलक. स्थानक वाढलं, पुन्हा त्याच हसऱ्या चेहऱ्यांचे फलक! पुण्यातलं स्वारगेट ते कात्रज, जेमतेम साडेपाच किलोमीटर. २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा स्थानकं तीनच: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. बालाजीनगरात माणसं राहतच नाहीत जणू! लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे बालाजीनगर आणि बिबवेवाडी नकाशात शिरली. अहो, संध्याकाळी सातारा रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलेल्या कुणीही हे फुकटात सांगितलं असतं! आणि हाच तो रस्ता, जिथे २००६ मध्ये बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग झाला. (तेव्हाही फलक होतेच.) मेट्रो येईल तेव्हा येईल, तोवर पीएमपीच्या चार बस तरी वाढवा की!